बी निगेटिव्ह, दोन पिशव्या

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार. अंबाजोगाई

रुजू झाले! सोलापूरहून सकाळची एसटी, स्टँडवर उतरून गरम भजी आणि चहा, आणि साडेदहाला रक्तपेढीच्या दारात. ट्रस्टचे सेक्रेटरी राधाकिशन सर स्वतः पायऱ्यांपर्यंत आले. म्हणाले, तीन महिने कॉम्प्युटरचा माणूस नाही, पुण्याची कंपनी फोनवरून कसंबसं बघतेय, तुम्ही आलात, आता आम्ही सुटलो. मला हसूच आलं. पुण्याला मी चाळीस जणांतली एक होते. इथं मला स्वतंत्र खोली आहे, खिडकीबाहेर कडुनिंब आहे, आणि अख्ख्या इमारतीत एसी फक्त याच खोलीत आहे. तो सर्व्हरसाठी बसवलाय, पण गारवा दोघांनाही लागतो.

राहायची सोय योगेश्वरीच्या देवळामागच्या गल्लीत, रतनबाईंकडं. निवृत्त शिक्षिका आहेत. पहिल्याच दिवशी ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली आणि नाव विचारलं. राजनंदिनी म्हटल्यावर म्हणाल्या, एवढं लांबलचक कोण म्हणत बसणार, नंदाच बरं.

४ फेब्रुवारी

आईनं फोनवर विचारलं, तुझं तिथं नेमकं काम काय. तिला जे सांगितलं ते इथं लिहून ठेवते, कारण इतकं सोपं करून मी स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं.

रक्तपेढीची सगळी नोंद इथल्या सर्व्हरवर असते. धारूरला ट्रस्टचं छोटं साठवण केंद्र आहे: एक खोली, एक फ्रिज, एक खिडकी. तिथं या नोंदीची हुबेहूब प्रत चालते, तिला रेप्लिका म्हणतात. दोन वह्या समज. इथल्या वहीत जी ओळ लिहिली जाते, तीच ओळ धारूरची वही आपल्याकडं गिरवते. त्यातलं काही काम कच्चं असतं, ते पाटीवर होतं. पेशंटची मागणी आली की प्रोग्राम आधी जुळणाऱ्या पिशव्यांची यादी पाटीवर मांडतो. इथल्या डॉक्टरांनी होकार दिला की त्यातल्या पिशव्या पक्क्या वहीत ‘राखीव’ म्हणून उतरवतो आणि पाटी पुसतो. ही पाटी म्हणजे टेम्पररी टेबल. ज्याची पाटी त्यालाच ती दिसते. मला फक्त किती पाट्या उघड्या आहेत तो आकडा दिसतो.

घोटाळा असा की धारूरची वीज जाते. पाटीवर यादी मांडून झालीय आणि मध्येच तिथला सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला, की पाटी कोरी. मग मागून ओळ येते, ‘पाटीवरचं वहीत उतरव’. रेप्लिका म्हणते, असं टेबलच नाही, आणि थांबते. ती थांबली की धारूरच्या खिडकीतला स्क्रीन गोठतो. कुठली पिशवी मोकळी आणि कुठली कुणासाठी ठेवलेली, ते कळत नाही.

आई म्हणाली, मग इन्व्हर्टर घ्या की. इन्व्हर्टर आहे. बॅटरी गेलीय.

६ फेब्रुवारी

माझ्या आधी इथं बंकट नावाचा माणूस होता. युसूफ वडगावचा. ऑक्टोबरमध्ये नोकरी सोडून गेला. टेबलाच्या काचेखाली त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलेला कागद ठेवलाय: ‘धारूर थांबवायचं असेल तर आधी पाट्या शून्य होऊ द्या.’ नियम बरोबरच आहे. उघडी पाटी असताना थांबवलं तर तिच्यावरचं गेलंच.

धारूरच्या खिडकीवर जिनत आपा असतात. टेक्निशियन. आज पहिल्यांदा बोललो. मी सर्व्हरबद्दल विचारत होते आणि त्या मला, जेवलीस का न्हाई, असं विचारत होत्या. बत्तीस वर्षांच्या आहेत. नवरा, दिलावरभाई, ट्रॅक्टर दुरुस्त करतात. खिडकीतून किल्ला दिसतो म्हणाल्या. ये एकदा, दावते.

१० फेब्रुवारी

पहिला बिघाड आला आणि पाच मिनिटांत सुटलासुद्धा. दुपारी बारा पन्नासला धारूर थांबलं: टेबल नाही. मी अडलेली ओळ बघितली, एक मागणी होती. तसा पेशंट इथल्या मुख्य वहीत नव्हताच. म्हणजे कुठली तरी जुनी, अर्धवट ओळ. रेप्लिकाला ‘ही एक ओळ वगळ आणि पुढं चल’ असं सांगता येतं. सांगितलं. चालली. आपा फोनवर म्हणाल्या, झालं की गं, लई हुशार हायस.

हे लिहिताना एक गोष्ट स्वतःलाच बजावते. वगळणं सोपं आहे म्हणून ते बरोबर होत नाही. वगळलेली ओळ धारूरच्या वहीत कायमची नसते. ती आधी वाचलीच पाहिजे.

१४ फेब्रुवारी

रोज बारा पन्नासला. चार दिवस झाले. वीज गेलेली नसतानाही.

आणि उघड्या पाट्यांचा आकडा एकाच्या खाली येत नाही. सकाळी आठला, एकही मागणी चालू नसताना, एक. दुपारी जेवणाच्या वेळेला आपांना विचारून धारूरचा सर्व्हर पूर्ण बंद करून चालू केला. आता तो शून्य असायलाच हवा. एक.

मग बारा पन्नासला तीच तक्रार: टेबल नाही. म्हणजे एक पाटी उघडी आहे असंही तोच सांगतो, आणि ती नाही असंही तोच सांगतो. आकडा दाखवण्यात काहीतरी चूक असणार. पुण्याच्या मित्राला लिहिलंय.

२० फेब्रुवारी

मित्राचं उत्तर आलं, असं होऊ शकत नाही. बरं.

आज ओळ पूर्ण काढून कागदावर उतरवली. रोज तीच येते. वनमाला, वय चोवीस, धारूर. बी निगेटिव्ह, दोन पिशव्या. शेरा: तातडी. मागणीची तारीख मागच्या वर्षीच्या जानेवारीची. मुख्य सर्व्हर धारूरला जे जे पाठवतो, त्यात ही ओळ कुठंही नाही. दोनदा बघितलं. इथून ती जात नाही. पण तिथं ती पोचते.

आपांना सहज विचारलं, वनमाला म्हणून कुणी पेशंट होती का. पलीकडं खिडकीवरचा पंखा फिरत होता तेवढाच आवाज. मग म्हणाल्या, गिऱ्हाईक आलंय, ठेवते. रक्तपेढीत गिऱ्हाईक कोण म्हणतं?

२१ फेब्रुवारी

आपांनी स्वतः फोन केला.

मागच्या वर्षीच्या जानेवारीत वनमाला बाळंत झाली आणि रक्त थांबेना. डॉक्टरांनी अंबाजोगाईला फोन केला, धारूरच्या फ्रिजमधल्या दोन बी निगेटिव्ह पिशव्या तिच्या नावानं राखीव झाल्या. इथल्या वहीत. धारूरला वीज गेली होती, ओळ अडली, बंकटनं न वाचता वगळली. आपांच्या स्क्रीनवर त्या पिशव्या मोकळ्याच राहिल्या. दुसऱ्या एका पेशंटचे नातेवाईक मंजूर कागद घेऊन आले, आपांनी पिशव्या दिल्या. वीस मिनिटांनी, बारा पन्नासला, वनमालाचा नवरा खिडकीवर आला. एक वाजून दहा मिनिटांनी ती गेली. प्रकरण वाढू नये म्हणून तिची नोंदसुद्धा नंतर मुख्य वहीतून काढली गेली.

“ह्याच हातानं दिल्या म्या,” आपा म्हणाल्या. “माझा बी तोच गट हाय नंदा. माझं घ्या म्हणून हात पुढं केलता. डॉक्टर म्हणले, दीड महिन्यापूर्वीच दिलंस तू, न्हाई चालत.”

तुमची चूक नव्हती म्हणाले. त्या म्हणाल्या, सगळे हेच म्हणतात.

२८ फेब्रुवारी

यावर कायमचा उपाय आहे, आणि अवघड नाही. धारूरला ‘पाटीवरचं उतरव’ अशी आज्ञा पाठवायचीच नाही. इथं जे पक्कं झालं तेवढंच पाठवायचं. म्हणजे तिथं पाटी लागणारच नाही, वीज गेली तरी काही पुसलं जाणार नाही. त्यासाठी दोन्ही सर्व्हर तासभर बंद ठेवावे लागतील. राधाकिशन सरांना लेखी दिलं. म्हणाले, मार्चअखेर होऊ द्या, आत्ता तपासणी आहे.

मीही फार जोर लावला नाही. आकडा एक आहे ना. नियम शून्याचा आहे.

आपांनी जीपच्या ड्रायव्हरबरोबर हुरडा पाठवला. शेवटचा हाय यंदाचा, खाऊन घे म्हणाल्या. आम्ही अजून एकमेकींना पाहिलेलं नाही, पण दिवसातून तीनदा बोलतो. मला बहीण नाही.

७ मार्च

शेरा बदललाय.

आधी ‘तातडी’ असायचा. आज ‘थांबले आहेत’. हा रकाना माणूस टाइप करतो, प्रोग्राम नाही. कुणी केला? धारूरला आपा एकट्या आहेत. त्यांना मी सांगितलं नाही. त्यांचे रोजे चालू आहेत, उन्हात येतात, पाणीसुद्धा नाही. कशाला सांगू.

१२ मार्च

शेरा: ‘अजून थांबले आहेत’.

१६ मार्च, रविवार

युसूफ वडगावला जाऊन आले. बंकटचं घर एसटीच्या थांब्यापासून जवळ. बाजेवर बसून होता. माझ्याच वयाचा असेल, पण केस पांढरे. त्याची आई म्हणाली, हा कुणाशी बोलत नाही. रक्तपेढीतून आले म्हटल्यावर मात्र त्यानं मान वर केली आणि पहिला प्रश्न विचारला, किती वाजता येते.

बारा पन्नास म्हणाले.

“मला बी तवाच यायची,” तो म्हणाला. “आठ महिने. रोज वाचायचो, रोज वगळायचो. मंग वाचायचं सोडून दिलं. मंग एक दिवस खरीच मागणी आली. वाचवली, पर थोडक्यात. तवापासून खरी कोणची आन् जुनी कोणची, मला वळखूच येईना. त्या दिवशी नोकरी सोडली.”

निघताना त्यानं हात जोडले. माझ्यासारख्या पोरीपुढं. म्हणाला, ताई, वगळायचं तर वगळा, पण नाव वाचा. रोज वाचा. ती तेवढ्यासाठीच येते.

१७ मार्च

वाचलं. मोठ्यानं. खोलीत कुणी नव्हतं. वनमाला. मग वगळलं.

आज शेऱ्यात काहीच नव्हतं. रिकामा.

२६ मार्च

रोज वाचतेय. ऊन वाढलंय, कडुनिंबाला मोहोर आलाय. काम एरवी सुरळीत. राधाकिशन सर म्हणाले, धारूर रोज दुपारी वीस मिनिटं बंद का असतं, ट्रस्टी विचारतात. ही विशिष्ट तक्रार आपोआप वगळावी अशी सोय प्रोग्राममध्ये असते म्हणे, कुणीतरी त्यांना सांगितलंय. मी नाही म्हणाले. ते रागावले नाहीत, पण चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले.

३१ मार्च, ईद

सुट्टी असूनही आपांनी डब्यातून शीरखुर्मा पाठवला. वर फोन. आवाज वेगळाच होता. म्हणाल्या, शेवटचे आठ रोजे सोडले मी, विचार कावून. मी विचारलं. हसायलाच लागल्या. लग्नाला अकरा वर्षं झालीत. दिलावरभाईंनाही सांगितलं नाही, डॉक्टरीण बघेपर्यंत कुणाला नाही. फक्त मला. “कुनाला तरी सांगितल्याबिगर राहवंना, नंदा.”

मी डबा मांडीवर घेऊन पायरीवर बसून खाल्ला आणि रडले. रतनबाई म्हणाल्या, काय झालं? म्हटलं, चांगलं झालं.

५ एप्रिल

मार्चअखेर झाली. सर म्हणाले, पंधरा तारखेनंतर बघू. आपांना मळमळतंय, आठवडाभर रजा टाकलीय. त्यांच्या जागी इथून बजरंग गेलाय. साधा माणूस, फोनवर प्रत्येक वाक्याला मॅडम म्हणतो. सकाळी आपांना फोन केला तर म्हणाल्या, पोटात डाव्या अंगाला दुखतंय जरा. डॉक्टरकडं जा म्हटलं. बुधवारी जाते म्हणाल्या.

९ एप्रिल, बुधवार

आज लिहवत नाही.

१२ एप्रिल

लिहिते. नाही लिहिलं तर मीच म्हणेन की तसं नव्हतं.

बुधवारी बारा पन्नासला स्क्रीन लाल झाला. टेबल नाही. ट्रस्टी येणार होते, सर माझ्या खुर्चीमागं उभे होते. बजरंगचा फोन वाजत होता, मॅडम गोठलंय, मॅडम खिडकीवर माणूस हाय. सर म्हणाले, रोजचंच ना, करा की. पन्नासेक वेळा मी ती ओळ वाचली होती. पाठ होती मला. बारा पन्नास म्हणजे वनमाला.

मी वाचली नाही. वगळ म्हणाले. एक बटण. स्क्रीन हिरवा झाला. सर म्हणाले, शाब्बास.

एक वीसला बजरंगचा फोन पुन्हा. एक माणूस कागद घेऊन आलाय, बी निगेटिव्ह दोन पिशव्या राखीव आहेत म्हणतो, पण इथं राखीव काहीच दिसत नव्हतं, होत्या त्या मोकळ्या होत्या, आत्ताच दिल्या, उद्याच्या ऑपरेशनवाल्यांना. मी विचारलं, पेशंटचं नाव काय. तो कागद वाचायला लागला. मला मागून दिलावरभाईंचा आवाज ऐकू आला. मी तो आवाज आधी कधी ऐकला नव्हता. तरी ओळखला.

गर्भ नळीत होता. नळी फुटली. डॉक्टरांनी बारा वाजता इथं मागणी केली, पाटीवर यादी पडली, साडेबाराला धारूरची वीज दहा मिनिटं गेली, बारा पन्नासला इथल्या डॉक्टरांनी होकार दिला. अगदी साधा, नेहमीचा बिघाड. चार फेब्रुवारीला आईला समजावून सांगितला होता तोच.

उद्याच्या ऑपरेशनवाल्यांना बजरंग फोन करत राहिला, ते गाडीवर होते, उचलत नव्हते. इथं बी निगेटिव्हची एक पिशवी होती. बर्फाचा डबा मांडीवर घेऊन मी जीपमध्ये बसले. आडसवरून गेलो. ड्रायव्हरनं एकदाही ब्रेक लावला नसेल. पोचलो तेव्हा दोन पंचवीस झाले होते. त्या दोन पाचला गेल्या होत्या.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. मला वाटायचं उंच असतील. लहानशा होत्या. ईदची मेंदी नखांच्या टोकांना अजून होती. डबा माझ्या हातातच होता, नर्सनं तो काढून घेतला.

संध्याकाळी त्या दिवसाच्या सगळ्या ओळी काढून बघितल्या. बुधवारी वनमालाची ओळ नव्हती. त्या दिवशी ती आलीच नव्हती. एकच ओळ होती. मी वगळलेली.

१५ एप्रिल

धारूरला गेले. बजरंगकडं बघवत नाही. तो सारखा म्हणतो, मोकळ्या दिसत होत्या, मॅडम. दिसत होत्याच. त्यात त्याचं काय.

दिलावरभाईंना सगळं सांगितलं. गॅरेजच्या ओट्यावर. पाटी, वीज, बटण. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटी म्हणाले, तुझं नाव ती रोज घ्यायची. मग विचारलं, पोटाचं तुला सांगितलं होतं का तिनं? मी हो म्हणाले. त्यांना ते डॉक्टरांकडून कळलं होतं. त्यांनी हातातला पाना ओट्यावर ठेवला.

“तिचं नाव लिवलेलं होतं तिथं?” त्यांनी विचारलं.

होतं.

“आन् तू वाचलं न्हाईस?”

एवढंच. आवाजसुद्धा चढवला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१६ एप्रिल

अहवाल आला: ‘तांत्रिक अडचण’. सर म्हणाले, तुमचा उपाय आता लगेच करून टाका, दोन तास बंद ठेवा, हवं तर दिवसभर. आता.

उघड्या पाट्या: दोन.

१७ एप्रिल

बारा पन्नास. जिनत, वय बत्तीस, धारूर. बी निगेटिव्ह, दोन पिशव्या. शेरा: तातडी.

दुसरी ओळ वनमालाची. तीही आली. दोघी.

वाचल्या. दोन्ही. वगळता येईना. हात बटणावर होता, तसाच— चारपर्यंत धारूर बंद राहिलं. मग वगळल्या. स्क्रीन गोठलाय म्हणून बजरंग रडत होता.

२१ एप्रिल

उपाय करायला बसले. सगळं तयार. नुसतं बंद-चालू करून त्या गेल्या नाहीत, पण हा बदल झाला की धारूरला पाटीच उरणार नाही; दोन्ही पुसल्या जातील, पुन्हा कधी येणार नाहीत. तेच हवं आहे. तेच तर मी फेब्रुवारीपासून मागत होते.

आपांची पाटी. पुसायची. मीच.

नाही केलं. सरांना म्हणाले, उद्या.

२२ एप्रिल

शेरा: ‘नंदा’.

फक्त तेवढंच. माझं नाव. तिथं मला नंदा म्हणणारं आता कुणी—

२४ एप्रिल

शेरा: ‘नंदा थांबलेय गं’.

मी त्याखाली टाइप केलं, आपा, मी आहे. का केलं माहीत नाही. रकाना लगेच रिकामा झाला. उघड्या पाट्या दोनच. आईचा फोन, घरी ये म्हणते. येते म्हणाले.

२८ एप्रिल

सरांनी सांगितलं, महिनाअखेरीला नोकरी संपली, पुण्याची कंपनी येणार. त्या कंपनीचा माणूस पहिल्याच दिवशी ते आपोआप वगळायचं बटण दाबेल. दाबणारच. मग कुणीच वाचणार नाही. कधीच नाही.

सरांना हे सांगितलं. ते म्हणाले, तुम्हाला विश्रांतीची गरज आहे.

२९ एप्रिल. धारूर

इथं आले. बजरंगला जेवायला पाठवलं. तिच्या खुर्चीत बसलेय. पंखा तसाच आवाज करतो. किल्ला दिसतो, खरंच दिसतो, आपा.

बी निगेटिव्ह दोन पिशव्या फ्रिजमध्ये आहेत. दोनच.

मुख्य सर्व्हरची तार काढली. आता कुठलीच ओळ येणार नाही. जे येईल ते खिडकीवर येईल, कागदावर, आणि मी वाचेन.

बारा चाळीस.

तार काढूनही आकडा वाढलाय. उघड्या पाट्या: तीन. तिसरी कुणाची—

शेरा, वनमाला: थांबले आहेत. शेरा, जिनत: थांबलेय. तिसऱ्याचा रकाना रिकामा, नावसुद्धा अजून नाही.

बारा पन्नास.

खिडकीवर माणूस आलाय. घामानं भिजलाय. म्हणतो बाई लवकर, म्हणतो बी निगेटिव्ह, दोन पिशव्या, म्हणतो गाडी चालू ठेवून आलोय. स्क्रीनवर त्या दोघी. फ्रिजमध्ये दोन. हा खरा आहे का— खरा वाटतो, खिडकीचं लोखंड हातानं वाजवतोय, आवाज येतोय लोखंडाचा— वनमालाचा नवरा असाच— दिलावरभाई असेच—

बंकट म्हणाला होता ओळखू येत नाही. येत नाही.

कागद आत सरकवला त्यानं. कागद गरम आहे. घेतला. वाचते. घाई करू नका दादा, मी वाचते, पूर्ण वाचते, मोठ्यानं. पेशंटचं नाव—